डीएनए जुळला, वंशावळ मात्र बनावट निघाली

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या आत्याची डीएनए चाचणी आणि वंशावळ यांच्या नावाखाली ४५,००० रुपयांना फसवणूक झाली. पैशांपेक्षा अधिक चीड येते ती याची, की तिला जे खरोखर सापडले होते तेच तिच्यापासून लपवून तिच्या हाती खोटी थोरवी ठेवण्यात आली. इतरांच्या बाबतीत असे घडू नये म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

आत्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ नोकरीसाठी आफ्रिकेत मोंबासाला गेले आणि पुढे त्यांचा घराशी संबंध उरला नाही. त्यांच्या मुला-नातवंडांचा शोध लागावा ही तिची फार जुनी इच्छा. एका कुलसंमेलनात ‘वंशावळ तज्ज्ञ’ म्हणून वावरणाऱ्या गृहस्थांनी ती हेरली, घरी येऊन लाळेचा नमुना घेतला, किट परदेशातील कंपनीकडे पाठवले आणि काही महिन्यांनी जाड पुठ्ठ्याच्या बांधणीतला अहवाल आणून दिला. इंग्लंडमधील एका व्यक्तीशी आत्याचा डीएनए २१२ सेंटीमॉर्गन (सामाईक डीएनए मोजण्याचे एकक) जुळतो, दोघेही १७६१ साली पानिपतावर पडलेल्या एका सरदाराचे वंशज आहेत आणि त्यामुळे ‘पितृवंश सिद्ध’ झाला आहे, असे त्यात छापले होते.

आकडा खरा होता, निष्कर्ष धादांत खोटा. ज्यांचे पणजोबा एकच असतात त्यांच्यात सरासरी २३० सेंटीमॉर्गनच्या आसपास डीएनए सामाईक असतो. खापरपणजोबांपर्यंत मागे गेले की तो ७०-७५ पर्यंत उतरतो, आणि आठ-नऊ पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजाच्या बहुतेक वंशजांमध्ये परस्परांशी जुळणारा डीएनएचा एकही तुकडा सापडत नाही. म्हणजे २१२ हा आकडाच सांगत होता की नाते अगदी जवळचे आहे. शिवाय पितृवंश तपासण्यासाठी वाय गुणसूत्र लागते आणि ते बापाकडून मुलाकडेच जाते. आत्याच्या लाळेत ते नव्हतेच, मग सिद्ध काय झाले? एक सावधगिरी मात्र खऱ्या आकड्याबाबतही बाळगावी लागते. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जातीतच लग्ने झाली, अनेक घरांत मामाची मुलगी करण्याची रीत होती, त्यामुळे लहानलहान तुकड्यांची बेरीज फुगते आणि दूरचे नाते जवळचे भासते. म्हणून एकूण बेरजेबरोबर सर्वांत लांब तुकडा किती आहे हेही विचारले पाहिजे.

सरदाराचे घराणे आले कुठून, तर कोणा अनोळखी माणसाने संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या वंशवृक्षातून. अशा ठिकाणी एका बटणासरशी दुसऱ्याची शाखा आपल्या झाडाला जोडता येते, आणि जोडताना पुरावा कोणी मागत नाही. त्या नकललेल्या शाखेत बापाचा जन्म १७३८ आणि मुलाचा १७४६ असा नोंदलेला होता! आधार म्हणून जोडलेली मोडी कागदाची छायाप्रत सरदाराची सनद असल्याचे सांगितले होते. मोडी उत्तम वाचणाऱ्या एका स्नेह्यांना ती दाखवली, तेव्हा ती कोकणातल्या एका गावच्या भाताची पावती निघाली. ‘भात खंडी दोन’ ही अक्षरे त्यांनी बोट ठेवून मला वाचून दाखवली. पुण्यात पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जो खरोखर तेथील कागद पाहून आला असेल, त्याला तो कोणत्या दप्तरातील, कोणत्या रुमालातील (कागदांच्या कापडी गाठोड्यातील), हे सांगता आलेच पाहिजे.

सर्वांत वाईट भाग पुढेच आहे. चाचणीचे खाते त्या गृहस्थांनी स्वतःच्या ईमेलवर उघडले होते. इंग्लंडच्या सद्गृहस्थांनी, जे त्याच धाकट्या आजोबांचे नातू निघाले, आत्याला पाठवलेले संदेश या ‘तज्ज्ञां’नाच मिळत होते, आणि हे ‘तज्ज्ञ’ आत्याच्या नावाने उत्तरे देत ‘पुण्यातील कागद शोधण्यासाठी’ त्या सद्गृहस्थांकडूनही पैसे उकळत होते. अखेर इंग्लंडच्या त्या सद्गृहस्थांनी आमच्या छापील कुलवृत्तांतातील पत्त्यावर पत्र लिहिले, म्हणून हे उघडकीस आले.

आत्याच्या खात्यातील खुल्या वंशवृक्षात आमच्या घरातील हयात माणसांच्या जन्मतारखा आणि सुनांची माहेरची आडनावेही चढवलेली होती. ही माहिती किती सहज बाहेर जाते, ते २०२३ साली ‘ट्वेंटी-थ्री-अँड-मी’ या डीएनए चाचणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात दिसले. चोरांनी सुमारे १४,००० खात्यांत शिरकाव केला, पण त्या खात्यांना जोडलेल्या नातेवाइकांच्या याद्यांमधून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

आत्याच्या कपाटात किटचे रिकामे खोके राहिले होते. त्यावरील बारकोडचा क्रमांक आणि तिचे ओळखपत्र पाठवल्यावर कंपनीने खाते तिच्या ईमेलवर वळते केले, आणि हयात व्यक्तींची माहिती आम्ही तत्काळ झाकली. पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. ज्यांच्या घरी असा बांधीव अहवाल आला असेल, त्यांनी खाते कोणाच्या ईमेलवर आहे ते आधी पाहावे, किटचे खोके टाकू नये, डीएनएच्या मूळ माहितीची फाईल स्वतःकडे उतरवून घ्यावी, आणि पैसे ऑनलाइन दिले असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.