सलग ५६ सामने की .४०६ ची सरासरी?

बेसबॉलमध्ये १९४१ च्या हंगामावर आजही वाद रंगतो. न्यूयॉर्क यँकीजच्या जो डिमॅजिओने १५ मे ते १६ जुलै या काळात सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणे) मिळवली, तर बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने हंगामअखेर .४०६ ची सरासरी (हिट भागिले फलंदाजीच्या संधी) राखली.

डिमॅजिओच्या विक्रमात एकाही दिवसाच्या अपयशाला माफी नव्हती. १७ जुलैला क्लीव्हलंडच्या केन केल्टनरने तिसऱ्या बेसजवळ त्याचे दोन जोरदार फटके अडवले आणि मालिका खंडित झाली.

विल्यम्सची खरी कसोटी शेवटच्या दिवशी लागली. २८ सप्टेंबरच्या सकाळी त्याची सरासरी .३९९५५ होती, म्हणजे तो बाकावर बसून राहिला असता तरी नोंद .४०० अशीच झाली असती; तरीही फिलाडेल्फियातील दोन्ही सामने तो खेळला आणि आठ संधींत सहा हिट मिळवून .४०६ वर पोहोचला. हे धैर्य मला आकड्याहूनही मोठे वाटते. त्यानंतर अमेरिकन वा नॅशनल या दोन प्रमुख लीगमध्ये पूर्ण हंगामात कोणालाही .४०० गाठता आलेले नाही.

सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार मात्र २९१ विरुद्ध २५४ गुणांनी डिमॅजिओला मिळाला. त्याच्या संघाने लीग जिंकली होती, हेही त्याच्या पारड्यात पडले. माझ्या मते तो मान विल्यम्सचा होता, कारण होमरन म्हणजे चारही बेसची फेरी पूर्ण करून देणारे फटके (३७ विरुद्ध ३०) आणि सरासरी (.४०६ विरुद्ध .३५७) या दोन्हींत तो स्पष्टपणे सरस होता, आणि त्या ५६ सामन्यांच्या काळातही डिमॅजिओच्या .४०८ समोर त्याची सरासरी .४१२ होती.