खडू की बोरिक? ओट्यावरच्या मुंग्यांचा हिशेब

मिरगाचा पहिला पाऊस पडला की विश्रामबागेतल्या आमच्या तळमजल्यावर मुंग्या हजर. जमीन भिजली की त्यांना कोरडी जागा लागते आणि ती नेमकी आमच्या ओट्यामागच्या फटीत असते. दरवर्षी दुकानात जाऊन माणूस दोनच गोष्टींपाशी अडतो: मुंग्यांचा खडू घ्यावा, की बोरिक पावडर आणून आमिष करावं? मी दोन्ही वापरलंय. एक चार वर्षं, दुसरं तीन.

हळदीचं आधी उरकतो. सांगलीत राहून हळदीला नावं ठेवणं जिवावर येतं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आम्हाला कौतुकही आहे. पण आमच्या मुंग्यांना त्याचं सोयरसुतक नाही. चिमूट टाकली की रांग वीतभर वळसा घालून पुढं जाते आणि फरशीच्या सांध्यातला पिवळा डाग आपल्याकडं राहतो.

फवाऱ्याचंही थोडक्यात. समोरच्या मुंग्या जागच्या जागी मरतात, पण स्वयंपाकघरात तो वास दुपारपर्यंत निघत नाही. शिवाय बारीक पिवळसर मुंग्यांच्या काही जातींत एका वसाहतीत बऱ्याच राण्या असतात. फवारा बसला की वसाहत फुटते आणि एकाची दोन-तीन बिऱ्हाडं होतात.

आता खडू. त्याचा गुण नाकारता येणार नाही. रेघ ओढली की चहा होईस्तोवर फरक दिसतो. त्यात पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं. रेघ ओलांडताना ते मुंगीच्या पायाला लागतं, ती लटपटते आणि तिथंच पडते. दाराच्या उंबऱ्याला, खिडकीच्या चौकटीला, माळ्यावर खडू चांगलाच. तिथं कुणाचा हात फिरत नाही.

आमचं भांडण सुरू झालं ते ओट्यावर. ओटा काळ्या कडाप्प्याचा. रात्री जेवणं आटोपली की मी रेघा ओढायचो: सिंकच्या कडेनं, शेगडीच्या मागनं, डब्यांच्या फळीभोवती. सकाळी बघावं तर ओटा नव्हे, ठिक्करचं अंगण. साडेआठला मावशी यायच्या, ओलं फडकं फिरवायच्या आणि रेघा गायब. मग तेच फडकं पोळपाटाच्या जागेवरनं फिरायचं. म्हणजे रात्री मी विष मुंग्यांसाठी लावायचो आणि सकाळी ते आमच्या कणकेच्या शेजारी पसरायचं. पुसू नका म्हणावं तर ओटा चिकट, त्यानं मुंग्या आणखी. शेवटी एकदा मावशीच म्हणाल्या, "दादा, ओटा पुसायचा का रेघ ठेवायची, एकदा काय ते सांगा." मला सांगता येईना. खडू सुटला तो त्या दिवशी. दुसऱ्या कुणाला हे किरकोळ वाटेल. ज्यांच्या घरी ओटा दिवसातनं एकदाच पुसतात, त्यांचं खडूवर छान भागतही असेल.

बोरिकचं काम उलट्या चालीनं चालतं. इथं मुंगीला अडवायचं नाही, खाऊ घालून परत पाठवायचं. ती गोड पाणी पोटात साठवून नेते आणि घरी तोंडातनं तोंडात वाटते, अळ्यांना आणि राणीलासुद्धा. म्हणून विष हलकंच हवं. मी पहिल्यांदा आपल्या सवयीनं दोन चमचे बोरिक घातलं, तर मुंग्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. आता एक पेलाभर पाणी, दोन मोठे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा बोरिक, एवढंच. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवायचा आणि झाकण रांगेच्या कडेला. घरात कॅरमसाठी आणलेली पावडर असेल तर वेष्टन वाचून बघा. पूर्वी ती बोरिकच असायची, हल्ली सगळीच नसते.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर मला शिव्या द्याल. पहिले दोन दिवस मुंग्या वाढतात. झाकणाभोवती काळी कडी धरतात. आमच्या मंडळींनी विचारलं होतं, "मुंग्या मारताय की पंगत बसवलीय?" या दिवसांत रांग पुसायची नाही, कारण वासाची वाट मोडली की झाकणापर्यंतचं येणं-जाणं थांबतं. आमच्याकडं चौथ्या-पाचव्या दिवशी रांग विरळ झाली, आठवड्यात संपली. मग साबणाच्या पाण्यानं सगळं पुसून घेतलं. त्या वर्षी गणपती येईपर्यंत ओटा मोकळा होता. खडूनं इतके दिवस कधी दिले नव्हते.

गोडाला न शिवणाऱ्या बारीक लाल मुंग्या निघाल्या तर साखर बाजूला ठेवून शेंगदाण्याच्या कुटात थेंबभर तेल आणि नखभर बोरिक कालवतो. त्या तेलाच्या बरणीला लागलेल्या असतात, तेव्हाच ओळखायचं.

घरात रांगतं मूल असेल तर यातलं काहीच उघड्यावर नको. बोरिक पोटात जाणं चांगलं नाही आणि खडू तर मुलांना खडूच वाटतो. मांजर असेल तर खडू जपून, पायरेथ्रॉइड तिला माणसापेक्षा फार लवकर बाधतं. आमचं झाकण सिलिंडरच्या मागं, जाळीच्या पेटीत असतं.

आणि उद्या सकाळी पाहुणे आहेत, लाडवांचा डबा भरलाय, आज रात्री रांग लागली, तर बोरिक कामाचं नाही. त्या रात्रीपुरता मीही खडू काढतो. डबा परातीतल्या पाण्यात ठेवायला परात मोकळी नसेल, तरच.