पाच वर्षं उभी असलेली मारुती ८००, ठाणे: ४०,००० रुपयांत चालू केल्यानंतरचा अनुभव

हातात पैसे थोडे असतील तर ते आधी गाडी थांबवण्यावर, म्हणजे ब्रेक आणि टायरवर, घालावेत, मग ती चालवण्यावर, आणि रंगरंगोटीवर सगळ्यात शेवटी. मी हाच क्रम धरला. पावसाळा काढून झाल्यावर माझं हे मत आणखी पक्कं झालंय.

गाडी काकांची, २००५ ची, एमपीएफआय इंजिनाची (म्हणजे पेट्रोल इंजेक्टरने फवारणारी). टाळेबंदीत नौपाड्यातल्या त्यांच्या इमारतीखाली उभी राहिली ती राहिलीच. मग काकांनी गाडी चालवणं सोडलं आणि सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत ती भंगारात देण्याचा विषय निघू लागला. २०२५ च्या सुरुवातीला मी ती त्यांच्याकडून मागून घेतली. तेव्हापासून खोपट ते ऐरोली हा ऑफिसचा रस्ता तिनेच करते.

वागळे इस्टेटमधला मेकॅनिक गाडी बघायला आला तेव्हा पहिलंच वाक्य बोलला, "ताई, चावीला हात लावायचा नाही." हे प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. इतकी वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरलेला असू शकतो. नवी बॅटरी लावून थेट सेल्फ मारला तर भिंतींवर चरे पडतात, शिवाय टाकीतला गाळ इंजेक्टरपर्यंत जातो. त्याने तिन्ही प्लग काढले, आत थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पान्याने क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने फिरवला. इंजिन मोकळं होतं. तिथेच ठरलं की या गाडीवर खर्च करायचा.

टाकी खाली उतरवली तर आत पेट्रोल नव्हतंच म्हणा. आंबूस वासाचा चिकट तपकिरी द्रव आणि तळाला गंजाचा थर. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि अर्ध्या रिकाम्या टाकीला खाडीकाठच्या ठाण्यात ओलावा भरपूर मिळतो. पंप जाम झाला होता. टाकी आतून साफ करून घेतली, पंप आणि फिल्टर नवे घातले आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने फुगतं किंवा तडकतं, म्हणून इथेनॉल सोसणारेच पाइप मागून घेतले. हे काम साधारण ६,००० रुपयांत झालं.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकने खाल्ला. मागचे लायनर ड्रमला चिकटलेले, पुढचे कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) अडकलेले, आणि ब्रेक ऑइल चहासारखं काळं. हे ऑइलही पाणी ओढून घेतं आणि मग ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, लायनर, पुढचे पॅड, नळ्या हे सगळं नवं कोरं घेतलं. ९,००० रुपये गेले आणि त्यातला एक रुपयाही मला जड वाटला नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं सामान जरूर आणावं: काचेचं हँडल, मागचा दिवा, दाराचं लॉक मी तिथूनच आणलं. ब्रेकचं सामान मात्र जुनं घेऊ नये, कितीही स्वस्त मिळालं तरी.

टायरवरून घरात वाद झाला. नक्षी छान शिल्लक होती, काकांचं चालवणंच कमी. पण टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१३ होतं, म्हणजे २०१३ चा तेविसावा आठवडा. कडेला बारीक भेगाही होत्या. चारही बदलले, सुमारे ११,००० रुपयांत. बाकीचे पैसे बॅटरी, टायमिंग बेल्ट, कूलंट, क्लच वायर, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग आणि पायाखालच्या पत्र्याच्या वेल्डिंगवर गेले. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १००० सीसीच्या आतल्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि वर जीएसटी.

हे सगळं परवडलं याचं मोठं कारण म्हणजे सुटे भाग. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत होतं. त्यामुळे बेल्ट, गॅस्केट, प्लग ठाण्यातल्या दुकानात मागितल्या मागितल्या मिळतात.

आता वापराचं. शहरात लिटरला १५-१६ चं अ‍ॅव्हरेज पडतं. गल्लीत वळायला आणि पार्किंगला हिच्यासारखी गाडी नाही. माजिवड्याच्या कोंडीत, एप्रिलच्या दुपारी, तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. मीरा रोडला बहिणीकडे जाताना गायमुखचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढते. एसी बंद आहे, दुरुस्त केलेला नाही, आणि मे महिन्यात त्याचा खरोखर त्रास होतो. पावसात डाव्या दाराच्या रबरातून पाणी आत आलं. मॅटखाली ओल राहिली आणि वेल्डिंगच्या कडेला पुन्हा गंज दिसला. तिथे रबर बदललं, पत्रा घासून अँटीरस्ट मारलं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की मी गाडी घरीच ठेवते. एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, म्हणून ती शहरापुरतीच. आईला घेऊन गावी जायचं तर एसटी.

कागदांचा खर्च या ४०,००० च्या बाहेरचा. काकांनी २०२० मध्ये केलेलं पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) २०२५ मध्ये संपत होतं. नूतनीकरणाची फी तेव्हा ५,००० रुपये होती, हरित कर वेगळा. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी हीच फी १०,००० झाली, तेव्हा आता कुणी असं काम काढणार असेल तर आधी आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) तारीख बघा.

आणि गाडी पहिल्यांदा बघायला जाल तेव्हाच ती जॅकवर घेऊन खाली टॉर्च मारा. सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं तर ती गाडी घेऊ नका, फुकट मिळत असली तरी.