तंबाखूच्या पुडीवरचा नंबर लावून बघा

पुडीवर त्या भयानक चित्राजवळ 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो. आमच्या कारखान्यात रोज सगळ्यांच्या हातात असतो, पण लावत कुणी नाही. मी लावला, म्हणून लिहितोय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर मी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, आहे. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू, असंच आम्ही सगळे धरून चालतो. फोनवरच्या मॅडम मराठीत बोलल्या. कॅन्सरची भीती घातली नाही, लेक्चर दिलं नाही. "दादा, पहिली चिमूट कधी लावता? आणि त्याच्या आधी मनात काय चाललेलं असतं?" एवढंच विचारलं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी वही ठेवायला सांगितली. तलफ आली की वेळ लिहायची आणि मनात काय होतं ते लिहायचं. वही भरत गेली तसं दिसलं, झोपेचं नाव क्वचितच. कुठे मालकाचा शब्द लागलेला, कुठे घरून पैशासाठी फोन, आणि सगळ्यात जास्त वेळा "अण्णा आठवला". अण्णा माझा थोरला भाऊ, शेजारच्याच मागावर असायचा. तो गेला, तेरावं झालं आणि मी पाळीवर हजर. रडायला सवडच मिळाली नाही. पुडी वाढली ती तेव्हापासून.

मॅडम म्हणाल्या, हे आधी घरात बोला. आता वहिनीजवळ बसून अण्णाचं बोलतो, दोघंही रडतो.

मग सोडायची तारीख ठरवली. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड सगळ्यात जास्त होते, पुढच्या काही आठवड्यांत उतरते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याचा फार आधार झाला. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरतं पाणी, लांब श्वास, खिशातली बडीशेप. नंतर त्यांचेच फोन येत राहतात, कसं चाललंय विचारायला.

पैसे लागत नाहीत. फक्त मागांच्या खडखडाटात फोन लावू नका, निवांत बसून बोला. पूर्व भागात विडी वळणाऱ्या आमच्या आयाबाया मिश्री लावतात, त्यांनाही हाच नंबर द्या. रात्री-अपरात्री मन फारच घेरलं तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 चोवीस तास चालू असतो. दारू सोडायची असेल तर 14446.