चाल बांधणारीच गाते तेव्हा : कॅरोल किंग यांची ‘टॅपेस्ट्री’

अमेरिकन संगीतकार-गायिका कॅरोल किंग यांची ‘टॅपेस्ट्री’, म्हणजे त्यांचा गाण्यांचा अल्बम, मी बरीच वर्षे फोनवरच ऐकत होतो. गेल्या महिन्यात तिची नव्याने निघालेली एलपी ऑनलाइन मागवली आणि पहिला अनुभव वाईट आला. विक्रेत्याने पातळ पुठ्ठ्याच्या पाकिटात पाठवलेली तबकडी वाटेतच वाकली होती. प्रत्येक फेऱ्याला सुई वर-खाली होई आणि पियानोचे लांबलेले सूर हेलकावे खात. प्रत बदलून मिळाली, ती सपाट निघाली, आणि पुढचे सगळे या दुसऱ्या प्रतीविषयी आहे.

आपल्याकडे गीतकार वेगळा आणि संगीतकार वेगळा. अमेरिकेत ‘साँगरायटर’ या एका शब्दात दोघेही सामावतात, त्यामुळे किंग यांच्या सुरुवातीच्या कामाविषयी आपला थोडा गैरसमज होतो. १९४२ मध्ये न्यूयॉर्कला जन्मलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या या बाई त्या काळात प्रामुख्याने चाली बांधत, शब्द त्यांचे पती जेरी गॉफिन यांचे असत. १९५९ मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हा किंग अवघ्या १७ वर्षांच्या होत्या. ब्रॉडवेवरच्या १६५० क्रमांकाच्या इमारतीत, जेमतेम पियानो मावेल अशा खोल्यांत गाणी तयार होत आणि दुसऱ्यांच्या गळ्यात जात. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे शिरेल्स या मुलींच्या चमूने गायलेले गाणे १९६१ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. ‘द लोको-मोशन’ तर या दांपत्याचे मूल सांभाळणाऱ्या मुलीनेच, लिटल इव्हा या नावाने, गायले. पुढे १९६८ च्या सुमारास संसार मोडला, किंग लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन भागात राहायला गेल्या आणि स्वतःची गाणी स्वतः गाऊ लागल्या.

‘टॅपेस्ट्री’ फेब्रुवारी १९७१ मध्ये आली. तिचे मोल, माझ्या मते, याच वळणात आहे. किंग यांचा आवाज मोठ्या गायिकेचा नाही. वरच्या सुरांवर तो किंचित चरचरतो, कुठे ताणही जाणवतो. पण संगीतकार गायकाला चाल शिकवताना जसा गातो, म्हणजे हरकतींचा सोस न धरता, कुठला शब्द कुठल्या सुरावर टेकायचा एवढेच नेमके दाखवत, तशा त्या गातात. दुसऱ्या बाजूवर तेच ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ पुन्हा येते, मात्र शिरेल्सच्या गाण्यातली लगबग आणि व्हायोलिने आता नाहीत. लय इतकी संथ केली आहे की, दहा वर्षांपूर्वी लाजत विचारलेला प्रश्न आता उत्तर ठाऊक असलेली स्त्री विचारते आहे असे वाटते. मागे जेम्स टेलर आणि जोनी मिचेल या गायकांचे आवाज आहेत, तेही जपून वापरलेले. फोनवर ही मागची साथ मला कधी नीट ऐकूच आली नव्हती.

‘इट्स टू लेट’चे शब्द टोनी स्टर्न यांचे आहेत आणि भांडणाशिवाय संपलेल्या नात्याचे इतके समंजस गाणे विरळाच. ‘स्मॅकवॉटर जॅक’ मात्र मला इथे उपरे वाटते. एवढ्या घरगुती बैठकीत कोणीतरी बंदुकीची गोष्ट सांगायला बसावे तसे.

अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत १५ आठवडे पहिला क्रमांक, चार ग्रॅमी पुरस्कार आणि ‘साँग ऑफ द इयर’चा मान मिळवणारी पहिली स्त्री, हा इतिहास सर्वत्र वाचायला मिळतो. वेष्टनाचे सुख मात्र हातात घेतल्याशिवाय कळत नाही. खिडकीपाशी अनवाणी बसलेल्या किंग, हातात त्यांनीच विणलेले कापड, आणि पुढ्यात त्यांची मांजर. फोनच्या पडद्यावर ते विणकाम निव्वळ डाग दिसत असे.

‘नॅचरल वुमन’ने तबकडी संपते. गायिका ॲरिथा फ्रँकलिन यांनी १९६७ मध्ये हे गाणे ज्या ताकदीने गायले, ती इथे शोधू नये. इथे पियानो, बास आणि चालीचा सांगाडा आहे, आणि मला तो पुरतो. तबकडी घ्यायची असल्यास शक्यतो दुकानात जावे, ती पाकिटातून काढून डोळ्यांच्या रेषेत आडवी धरावी आणि सपाट असल्याची खात्री करूनच पैसे द्यावेत.