बीजिंगमध्ये रेशमावरचं चित्र घेताना मी अशी फसले

चिनी फुला-पाखरांच्या चित्रांचं मला कॉलेजपासून वेड. बीजिंगला गेले तेव्हा वांगफुजिंग रस्त्यावर एक मुलगा आणि मुलगी स्वतःहून बोलायला आले. आम्ही चित्रकलेचे विद्यार्थी, सरांच्या प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस, घेऊ नका पण बघून तरी जा, म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत चहा दिला, माझं नाव कुंचल्याने चिनी अक्षरांत लिहून दिलं. इतक्या आगतस्वागतानंतर नुसतं उठून निघणं जड जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मग भिंतीवर टांगायचा एक रेशमी पट उलगडला. पिओनीची फुलं, वर मॅगपाय पक्ष्यांची जोडी. 'सरांनी तीन महिने खपून काढलंय.' मी २,६०० युआन मोजले.

तीन महिने मला खोटे वाटले नाहीत, कारण 'गोंगबी' या बारीक रेषांच्या चिनी चित्रपद्धतीचं काम खरंच तसं असतं. रेशमाला सरस आणि तुरटीचा हात देतात, म्हणजे रंग फुटत नाही. आधी शाईच्या केसासारख्या रेषा. मग एकाच हातात दोन कुंचले धरायचे, एकात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी, आणि पाण्याच्या कुंचल्याने रंगाची कड विरवत न्यायची. थर वाळला की पुन्हा तेच. तीनदा तुरटी, नऊदा रंग, असं तिथले चित्रकार म्हणतात.

दोन दिवसांनी पानज्यायुआनच्या बाजारात हाच पट दिसला. एकाशेजारी एक, चार! तीच दुमडलेली पाकळी, तोच वळलेला पंख. तिथल्या बाईने सरळ सांगितलं, छापील आहे, १५० युआन.

खोलीवर येऊन भिंग लावलं. पाकळीच्या कडेला रंग विरलेला नव्हता, बारीक ठिपके होते. चित्रकाराच्या लाल शिक्क्यातही ठिपकेच. फक्त परागांवर हाताने पांढरा रंग चढवला होता, बोटाला लागावा म्हणून. आणि मी बोट लावूनच खात्री करून घेतली होती.

पैसे देण्याआधी पट खिडकीपाशी न्या, भिंग लावा. नेऊ देत नसतील तर उठा. कुणी छिंग राजवटीतलं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं, म्हणून दाखवलं तर लगेच उठा. १९११ पूर्वीच्या पुरावस्तू चीनबाहेर न्यायला मनाई आहे.

पावती हॉटेलातल्या मुलीकडून वाचून घेतली. चित्रकाराचं नाव नव्हतंच. लिहिलं होतं, 'हस्तकलेची वस्तू, नग एक'.