कर्ज सेटल करून देतो म्हणाले आणि कोर्टाच्या मुदती घालवल्या

नाशिकच्या अंबड-सातपूरमध्ये जॉबवर्कवर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हप्ते थकायला लागले की मोबाईलवर हमखास एक जाहिरात दिसू लागते. ‘कर्जमुक्त व्हा, ७० टक्क्यांपर्यंत माफी, वसुलीवाल्यांचे फोन कायमचे बंद.’ त्या जाहिरातीमागच्या लोकांनी आमचे पैसे खाल्ले. त्याहून वाईट म्हणजे कायद्यानं आम्हाला दिलेले दिवस त्यांनी घालवले. पैसे आज ना उद्या कमावता येतील. गेलेली मुदत मात्र कोर्टात परत मागता येत नाही.

माझ्या मिस्टरांचं अंबडला छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. मोठ्या पार्टीनं काम कमी केलं, आधीची बिलंही अडकली आणि दोन देणी अंगावर आली. एक फायनान्स कंपनीचं बिझनेस लोन, त्यात मी सहकर्जदार. दुसरं क्रेडिट कार्ड, ज्यावर मटेरियल उचललेलं. लोन घेताना कंपनीनं मिस्टरांच्या सहीचे कोरे चेक घेतले होते. सगळेच देतात, आम्हीही दिले.

जाहिरातीतल्या नंबरवर बोलणं झालं आणि कॉलेज रोडच्या एका ऑफिसात बोलावलं. काचेचं केबिन, भिंतीवर तराजूचं चित्र, हेडफोन लावून बसलेली मुलं. समोरचा माणूस इतका समजूतदार बोलला, की कित्येक महिन्यांत आमचं कुणी शांतपणे ऐकून घेतलंय असं पहिल्यांदाच वाटलं. दोन खात्यांची फी २५ हजार, सेटलमेंट झाल्यावर वाचलेल्या रकमेवर आणखी टक्केवारी. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर मुखत्यारपत्र करून घेतलं. मग सूचना. आजपासून हप्ता भरायचा नाही. बँकेचा फोन उचलायचा नाही, जमलं तर नंबरच बदला. शाखेत जायचं नाही, ‘तुम्ही बोललात तर आमची बोलणी बिघडतील.’ आणि घरी कसलीही नोटीस आली तर घाबरायचं नाही, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा, उत्तर आमचा वकील देईल.

यात अर्धं खरं असतं, म्हणून माणूस फसतो. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं आणि मग बँक तडजोडीचा विचार करते, हे खरंच आहे. रिझर्व्ह बँकेनं ८ जून २०२३ ला तडजोडीबद्दल परिपत्रकच काढलंय, त्यानुसार बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना संचालक मंडळानं मंजूर केलेलं धोरण ठेवावं लागतं. पण त्या धोरणाखाली अर्ज कर्जदार स्वतः करू शकतो. मध्ये कुणी लागत नाही. ‘सेटलमेंट कंपनी’ असा कुठला परवाना रिझर्व्ह बँक देत नाही. उलट ११ डिसेंबर २०२३ ला तिनं कर्जमाफीच्या जाहिराती करून फी उकळणाऱ्यांपासून सावध राहा असं जाहीर केलं होतं. आम्हाला हे सगळं नंतर कळलं.

वसुलीच्या फोनचंही तसंच. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे. कुणी केला, शिवीगाळ केली, शेजाऱ्यांना सांगितलं, तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. जे फुकट मिळतं तेच ‘हॅरॅसमेंट प्रोटेक्शन’ म्हणून आम्हाला विकलं गेलं.

काही महिन्यांनी फायनान्स कंपनीनं त्या कोऱ्या चेकपैकी एक बँकेत भरला. त्यावर ४ लाख १२ हजार रुपये टाकलेले होते. तो परत गेला आणि रजिस्टर पोस्टानं वकिलाची नोटीस आली. ही नोटीस नीट समजून घ्या, कारण आमचं सगळं नुकसान इथून सुरू झालं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चं कलम १३८. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यावर समोरच्याला ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण चेकची रक्कम दिली तर गुन्हा होतच नाही. नाही दिली तर पुढच्या एक महिन्यात तो कोर्टात तक्रार करू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आम्ही सांगितल्याप्रमाणे फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘हा सिक्युरिटी चेक आहे, कोरा दिला होता, यावर केस टिकत नाही. सिव्हिल मॅटर आहे. पुढचं टपाल घेऊच नका.’ तिन्ही गोष्टी धडधडीत खोट्या. सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम समोरच्यानं लिहिली तरी तो कलम १३८ खाली येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्येच सांगितलंय. सिक्युरिटीचा चेकही, वटवायच्या तारखेला देणं थकलेलं असेल, तर सुटत नाही. आणि बरोबर पत्त्यावर आलेलं रजिस्टर टपाल नाकारलं तरी ते मिळालं असंच कोर्ट धरून चालतं. टपाल न घेतल्यानं वाचतं काहीच नाही, आपल्यावर काय चाललंय ते मात्र आपल्याला कळत नाही.

त्या नोटिशीचा शेवटचा परिच्छेद मी नंतर कितीदा वाचला असेन. खाली कंपनीच्या वकिलाचं नाव, त्र्यंबक रोडच्या ऑफिसचा पत्ता आणि मोबाईल नंबर छापलेला होता. पुढे लोकअदालतीत त्याच वकिलांनी सांगितलं, की नोटिशीच्या वेळीच कुणी भेटलं असतं तर रक्कम कमी करून हप्त्यांत घ्यायची कंपनीची तयारी होती, केस टाकायची गरजच पडली नसती. आमच्या नावानं त्या पंधरा दिवसांत त्यांना एकही उत्तर गेलं नव्हतं. फी घेणाऱ्या त्या ‘लीगल टीम’नं साधा फोनसुद्धा केलेला नव्हता.

समन्स आलं तेव्हा मिस्टर म्हणाले, आपण स्वतः जाऊन येऊ. ऑफिसातून लगेच फोन, ‘तारखेला आमचा वकील उभा राहील, तुम्ही गेलात तर जबाबात अडकाल.’ आम्ही गेलो नाही. मग माझ्या भाच्यानं ई-कोर्ट्सचं ॲप उघडून दाखवलं. आरोपीचं नाव किंवा केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकला की कोणती तारीख, कोणतं कोर्ट, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. तिथं आरोपी गैरहजर आणि वॉरंटचा आदेश दिसला. वकीलपत्र दाखलच झालं नव्हतं. ज्यांची केस चालू आहे त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर न राहता हे ॲप स्वतः बघावं, दोन मिनिटांचं काम आहे.

याच सुमारास कार्डाचं ‘सेटलमेंट लेटर’ आलं, तेही व्हॉट्सॲपवर. वर बँकेचा लोगो, मिस्टरांचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे बरोबर. ते बरोबर असणारच, स्टेटमेंट आम्हीच दिलं होतं. १ लाख ४५ हजारांची थकबाकी ५२ हजारांत बंद, मुदत तीन दिवस, सोबत क्यूआर कोड. वॉरंटनं घर हादरलेलं होतं, निदान एक तरी मिटेल म्हणून माझी सोन्याची चेन ठेवून पैसे उभे केले आणि भरले. त्यानंतर त्या ऑफिसचे फोन लागेनात. मी ते पत्र घेऊन बँकेच्या शाखेत गेले. मॅडमनी कागदावर बोट ठेवून एकेक दाखवलं. संदर्भ क्रमांक नाही. सहीखाली अधिकाऱ्याचं नाव नाही, हुद्दा नाही. ज्या मेलवरून आलं म्हणून लिहिलंय तो जीमेलचा पत्ता. आणि क्यूआर स्कॅन केल्यावर बँकेचं नाव न येता एका माणसाचं नाव येत होतं. मग त्यांनी कॉम्प्युटरवर आमचं खातं उघडलं. बँकेनं जुन्या नंबरवर बरेच फोन केल्याची नोंद होती, आणि त्यात तडजोडीसाठी संपर्क करावा असा निरोपही होता. तो नंबर आम्ही कॉलेज रोडच्या त्या ऑफिसच्या सांगण्यावरून बंद केलेला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. व्हॉट्सॲपचं बोलणं, पैसे गेल्याचं बँक स्टेटमेंट, मुखत्यारपत्र, फीची पावती, सगळं जोडलंय. फीची पावती होती हे नशीब. तिच्या आधारावर ग्राहक आयोगातही जाता येतं, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मुखत्यारपत्र रद्द केल्याची लेखी सूचना दोन्ही कर्जदात्यांना आणि त्या ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवली. हे करायला विसरू नका, नाहीतर आपल्या नावानं कोण कुठे सही करतंय ते कळायचं नाही.

वॉरंटसाठी मात्र वाट बघून चालणार नव्हतं. सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथं गेलो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आम्हाला वकील मिळाले. मिस्टर स्वतः कोर्टात हजर झाले, वॉरंट रद्द करायचा अर्ज दिला, जामीन झाला. कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे आणि दोघांच्या संमतीनं मिटवताही येतो. ज्या कोर्टाची वर्षभर भीती घातली गेली, तिथं आमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, भरायची तयारी आहे का? मिस्टर म्हणाले, आहे, पण एकदम नाही.

प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलं गेलं. ३ लाखांवर ठरलं, हप्त्यांत. कागदावर तारखा लिहिल्या, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही आणि त्याची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. म्हणून जेवढं खरंच भरता येईल तेवढ्याच हप्त्याला हो म्हणा. तिथं भिडेखातर मान डोलावली आणि पुढे हप्ता चुकला, तर परत तेच चक्र.

सिबिलचंही, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालाचंही, त्या ऑफिसात कुणी खरं सांगितलं नव्हतं. पूर्ण रक्कम न भरता मिटवलेलं कर्ज अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसतं, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही. पुढचं कर्ज देणारा ते बघतो. ‘सहा महिन्यांत स्कोअर क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या हातात काही नसतं. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात नोंद चुकीची असेल तर तक्रार करायची, ती ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. नोंद खरी असेल तर ती कुणी पुसू शकत नाही.

फायनान्स कंपनीचे हप्ते ठरल्याप्रमाणे चालू आहेत. शेवटचा भरला की नो ड्यूज सर्टिफिकेट आणि उरलेले सहीचे चेक परत घ्यायचे, हे वकिलांनी कराराच्या कागदातच लिहून घेतलंय. कार्डाच्या बँकेकडे मिस्टरांनी स्वतः तडजोडीचा अर्ज दिला. परवा त्यांची ऑफर बँकेच्या अधिकृत मेलवरून आली आहे. सोमवारी ती छापून शाखेत नेणार, संदर्भ क्रमांक त्यांच्याकडून तपासून घेणार, आणि पैसे भरायचे ते थेट कार्डाच्या खात्यात.